मोबाइलवरची उपासना आणि घरातली जपमाळ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत नागपूरहून आलेली बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. सदर, मोहननगर, अजनी, कामठी अशा निरनिराळ्या वस्त्यांमधील कॅथलिक घरांतून ती आली आहेत आणि तरुण मुलांच्या मोबाइलवर रोज चालणाऱ्या पेंटेकोस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथांच्या) उपासनांविषयी त्यांत काळजी, राग आणि कुतूहल असे सगळेच आहे. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. नावे अर्थातच दिलेली नाहीत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण उरलेल्या पत्रांचे मूळही तिथेच आहे असे मला वाटते.

प्रश्न : माझा मुलगा 21 वर्षांचा असून अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लहानपणी तो वेदीसेवक होता. गेले वर्षभर तो रात्री साडेदहाला इअरफोन लावून एका पास्टरचे थेट प्रक्षेपण ऐकतो आणि एक-दीडपर्यंत जागा असतो. चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, म्हणजे मिस्साला, येणे त्याने जवळजवळ सोडले आहे. मारियामातेच्या मूर्तीपुढे आम्ही जपमाळ म्हणतो तेव्हा तो खोलीबाहेर येत नाही. हे वचनाविरुद्ध आहे असे म्हणतो. हातखर्चाच्या पैशांतून दर महिन्याला तो काही रक्कम पडद्यावरच्या क्यूआर कोडवर पाठवतो. त्याचे वडील म्हणतात, वायफाय बंद करून टाका. मी काय करावे? (एक आई, सदर)

उत्तर : वायफाय बंद करू नका. तो डेटाचे रिचार्ज करील आणि तेच ऐकेल. आज तो काय ऐकतो हे तुम्हाला निदान ठाऊक आहे, उद्या तेही कळणार नाही.

तुमचे पत्र आल्यावर मी सलग तीन आठवडे, तुम्ही लिहिलेल्या त्याच वेळी, अशी काही हिंदी आणि इंग्रजी प्रक्षेपणे ऐकली. त्यातल्या एका रात्रीचे सांगते. पहिली वीस मिनिटे गाणी होती. गिटार आणि की-बोर्डच्या साथीवर एकच ओळ आठ-दहा वेळा येत होती आणि चौथ्या-पाचव्या वेळी मीही ती गुणगुणू लागले होते. मग दिवे मंद झाले, प्रचारक खुर्ची ओढून कॅमेऱ्याजवळ बसला आणि म्हणाला, की हे ऐकणाऱ्यांत एक मुलगा असा आहे ज्याचा एक विषय दोनदा राहिला आहे आणि त्याने ते घरी सांगितलेले नाही. त्याबरोबर पडद्याच्या कडेने संदेशांची रांग सरकू लागली : ‘तो मी आहे’, ‘मीच तो’, ‘ब्रदर, माझ्यासाठी प्रार्थना करा’. मी मोजत होते. पहिल्या मिनिटात 19 जणांनी ‘तो मीच’ असे लिहिले होते.

हजारोंनी ऐकणाऱ्या तरुणांमध्ये विषय राहिलेला मुलगा असणारच, हे तुम्हाला आणि मला दिसते. पण तो संदेश लिहिणाऱ्या मुलाच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहा. जी गोष्ट उच्चारायची त्याला सर्वांत जास्त भीती वाटत होती, ती कोणीतरी न रागावता, देवाचे नाव घेऊन, मोठ्याने उच्चारली. आपल्या मिस्सामध्ये विनंत्या वाचल्या जातात तेव्हा आपण पोपमहोदयांसाठी, बिशपांसाठी, राज्यकर्त्यांसाठी आणि आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो, आणि ती केलीच पाहिजे. परंतु राहिलेल्या विषयासाठी, मुलाखतीतून परत पाठवलेल्या मुलासाठी, बापाशी बोलणे बंद झालेल्या मुलासाठी आपल्या वेदीवरून कोणी विनंती वाचल्याचे मला इतक्या वर्षांत आठवत नाही. तुमचा मुलगा सिद्धान्ताचा अभ्यास करून तिकडे गेला असेल असे मला वाटत नाही. त्याची काळजी तिथे बोलली जाते म्हणून तो गेला. मूर्ती आणि वचन हे वाद त्याने तिथून नंतर उचलले आहेत.

म्हणून एका रात्री त्याच्या शेजारी बसा आणि एक इअरफोन मागून घ्या. मध्येच बोलू नका, नाक मुरडू नका. संपल्यावर एवढेच विचारा, की आज त्यांनी तुझ्यासाठी काय मागितले. या प्रश्नाचे उत्तर मिळायला कदाचित चार रात्री लागतील, पण ते मिळेल तेव्हा ते पास्टरविषयी नसेल, तुमच्या मुलाविषयी असेल, आणि त्यानंतर वडिलांना त्याच्याशी बोलायला वायफायखेरीज दुसरा विषय सापडेल.

मूर्तीविषयी त्याच्याशी रात्री अकराला वाद घालू नये. आराधना केवळ देवाची आणि मूर्तीला दिला जातो तो आदर, जो तिच्यातून तिने दर्शविलेल्या व्यक्तीकडे जातो, हा भेद 787 साली निकेया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेने स्पष्ट केला आहे. तो शांतपणे एकदा सांगावा आणि थांबावे. त्याला जपमाळेला बसायची सक्ती नको, पण आजीच्या हातातल्या माळेविषयी घरात वावगा शब्द निघू नये, एवढा नियम तुम्ही जरूर घालू शकता. या बाबतीत पडद्यावरून किती दूर जाता येते याचे उदाहरण ब्राझीलमध्ये घडले. 12 ऑक्टोबर 1995 रोजी, तिथे मारियामातेला ज्या नावाने भजतात त्या आपारेसिदा मातेच्या सणाच्याच दिवशी, एका प्रचारकाने टीव्हीच्या कार्यक्रमात तिच्या मूर्तीला लाथा मारल्या. देशभर संताप उसळला आणि त्याच्या पंथाच्या प्रमुखाला जाहीर क्षमा मागावी लागली. दुसऱ्याच्या आईला दुखावून कोणाचा विश्वास बळकट होत नाही, हे तुमच्या मुलाच्या पास्टरलाही मान्य असावे, अशी माझी आशा आहे.

पैशांचा प्रश्न मात्र मी वेगळा काढीन, कारण तो श्रद्धेचा कमी आणि प्रसारणाच्या रचनेचा जास्त आहे. अमेरिकेत 1960 पर्यंत टीव्ही केंद्रे धार्मिक कार्यक्रमांसाठी बराचसा वेळ विनामूल्य देत असत. त्या वर्षी तिथल्या नियामक आयोगाने विकलेला वेळही लोकहिताच्या खात्यावर धरता येईल असे ठरवले. मग केंद्रे वेळ विकू लागली आणि तो विकत घ्यायला प्रामुख्याने इव्हँजेलिकल व पेंटेकोस्टल प्रचारक पुढे आले. वेळ विकत घेतला की पैसे प्रेक्षकांकडून मागावे लागतात, आणि मागण्याची भाषाही त्या ओघात तयार होते. ओरल रॉबर्ट्स या अमेरिकन टीव्ही प्रचारकाने 1950 च्या दशकात प्रेक्षकांना टीव्ही संचाला हात लावून प्रार्थना करायला सांगितले होते; ‘विश्वासाचे बीज पेरा, देव त्याचे पीक देईल’ ही शिकवणही त्यानेच लोकप्रिय केली. तुमच्या मुलाला आज पडद्यावर हात ठेवायला सांगतात आणि कोपऱ्यात क्यूआर कोड दिसतो, त्याचे मूळ तिथे आहे. आपल्याकडे 2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि हे सारे प्रत्येकाच्या उशाशी येऊन पोचले.

त्याला विचारा, की पैसे कोणत्या नावाच्या खात्यात जातात, पावती मिळते का, वर्षअखेरीचा हिशोब कोणाला दाखवला जातो. आणि तो उलट प्रश्न विचारील, की आपल्या चर्चमध्ये तरी कोण दाखवतो, तेव्हा गप्प बसू नका. प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक चर्चच्या धर्मग्रामात, वित्तसमिती असलीच पाहिजे असे कॅथलिक चर्चच्या कायदेसंहितेतील (कॅनन लॉ) 537 वे कलम सांगते. तुमच्या पॅरिशची समिती केव्हा बसते हे त्याला बरोबर घेऊन जाऊन विचारा. तरुणाला हिशोब मागायला शिकवले तर तो दोन्हीकडे मागेल, आणि ते चांगलेच आहे.

आता शेवटची गोष्ट, जिच्यामुळे माझे स्वतःचे मत थोडे बदलले. आमच्या ओळखीच्या एका मुलाचा दोन वर्षांपूर्वी वर्धा रोडवर अपघात झाला आणि तो पाच आठवडे मेडिकलच्या वॉर्डात होता. तोही असाच रात्री ऐकणारा. त्याने तीन वाहिन्यांना प्रार्थनेची विनंती पाठवली होती आणि तिन्हीकडून त्याला एकसारखाच तयार मजकूर आला. वॉर्डात मात्र रोज डबा आला तो पॅरिशमधल्या एका म्हाताऱ्या जोडप्याकडून, आणि रक्त दिले ते जरीपटक्याच्या एका लहानशा पेंटेकोस्टल प्रार्थनासभेतल्या चार मुलांनी. ती सभा एका घराच्या पुढच्या खोलीत भरते आणि तिची कोणतीही वाहिनी नाही. तो मुलगा आज मिस्सालाही येतो आणि त्या चौघांचा मित्रही आहे. मी पूर्वी या प्रश्नाकडे कॅथलिक विरुद्ध पेंटेकोस्टल असे पाहत असे. त्या पाच आठवड्यांनंतर, कॉटपर्यंत कोण चालत येते एवढेच मी पाहते. तुमच्या मुलाला ती कसोटी कळेल. आपल्या पॅरिशलाही ती लागू आहे, हे त्याच्यासमोर मान्य करायची तयारी मात्र तुम्ही ठेवली पाहिजे.

प्रश्न : मी 26 वर्षांची असून मिहानमधील एका कंपनीत काम करते. दर रविवारी मिस्साला जाते, पण प्रार्थना खरी जाणवते ती मोबाइलवरच्या वर्शिपमध्ये. तिथे डोळे भरून येतात, हात आपोआप वर जातात; चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसून घड्याळ बघत असते. हे पाप आहे का?

उत्तर : नाही. हात वर करून, रडून, अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या शब्दांत, प्रार्थना करणे हे कॅथलिकांना परके असल्याची समजूत चुकीची आहे. फेब्रुवारी 1967 मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्गच्या ड्युकेन या कॅथलिक विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या एका साधनाशिबिरातून कॅथलिकांमधली, पवित्र आत्म्याच्या देणग्यांवर भर देणारी कॅरिस्मॅटिक चळवळ सुरू झाली आणि 1970 च्या दशकात ती भारतात आली. 1975 साली पोप सहावे पॉल यांनी रोममध्ये या चळवळीच्या सुमारे 10,000 लोकांचे स्वागत केले, आणि 2019 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्यासाठी जागतिक पातळीवरची सेवासंस्था कार्यान्वित केली. व्हॅटिकन आणि पेंटेकोस्टल प्रतिनिधी यांच्यातला औपचारिक संवाद तर 1972 पासून चालू आहे.

मराठी माणसाला यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जून 1905 मध्ये, म्हणजे पेंटेकोस्टल चळवळ जिथून जगभर पसरली त्या लॉस एंजेलिसमधल्या अझुसा स्ट्रीटच्या उपासनांच्या आदल्या वर्षी, मुलींमध्ये असेच आध्यात्मिक जागरण झाले. एका मुलीवर अग्नी उतरल्याचे दिसले म्हणून दुसरी तिच्या अंगावर ओतायला पाणी आणण्यासाठी धावली, असे तेव्हाच्या वृत्तान्तात नोंदले आहे. पुणे जिल्ह्यातल्या, अनेकदा दुष्काळातून वाचवून आणलेल्या त्या मुलींची ही प्रार्थना आहे, आणि मोबाइलवर तुम्हाला जे परदेशातून आल्यासारखे वाटते त्याचा एक झरा आपल्याच मातीतला आहे.

तेव्हा गाणी ऐका, रडू आले तर रडा. कान मात्र उघडे ठेवा. तुमच्या चर्चमध्ये पवित्र आत्मा नाही, तुमचे संस्कार पोकळ आहेत, असे तिथे सांगितले जाऊ लागले की ती प्रार्थना संपली आणि भरती सुरू झाली असे समजा. दुसरे असे, की रडू येणे हे प्रार्थना पोचल्याचे माप धरू नका. मदर तेरेसा यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या पत्रांवरून दिसते, की कित्येक दशके त्यांना देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते, आणि तरी त्या पहाटे उठून प्रार्थनेला बसत होत्या. मागच्या बाकावरून घड्याळ बघत का होईना, तुम्ही दर रविवारी येता. मी त्याला कमी लेखणार नाही. गायनवृंदात तुमच्या वयाची माणसे कमी आहेत. एकदा त्या बाकावर बसून पाहा.

प्रश्न : माझ्या मावशीला 12 वर्षांपासून मधुमेह आहे. एका प्रक्षेपणात ‘या क्षणी एका बहिणीची साखर बरी झाली’ असे ऐकून तिने गोळ्या बंद केल्या. ही वाहिनी तिला माझ्या कॉलेजात जाणाऱ्या भावानेच लावून दिली होती आणि आता तो घाबरला आहे. चर्च अशा आरोग्यदानाला मानते का? (एक वाचक, अजनी)

उत्तर : हे उत्तर वाचून होण्याआधी मावशीला डॉक्टरांकडे घेऊन जा. बरे झाल्याचा दावा खरा असेल तर रक्ताच्या तपासणीत तो दिसेलच, आणि गोळ्या कमी करायच्या की थांबवायच्या हे डॉक्टर सांगतील. देवाने बरे केलेल्या माणसाला तपासणीचे भय नसते. येशूनेही बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला जाऊन स्वतःला याजकाला दाखव असेच सांगितले होते.

चर्च आरोग्यदानाला मानते, आणि म्हणूनच त्याबाबत फार सावकाश बोलते. आपल्या सेमिनरी हिल्सवर लूर्द मातेपुढे आजाऱ्यांसाठी मेणबत्ती लावणाऱ्यांना हे माहीत असावे, की फ्रान्समधील मूळ लूर्द येथे 1858 पासून आजतागायत बरे झाल्याचे 7,000 हून अधिक दावे नोंदले गेले आणि डॉक्टरांची तपासणी, वर्षानुवर्षांची वाट आणि बिशपांचा निर्णय या सगळ्यांतून पार होऊन चमत्कार म्हणून मान्य झालेली प्रकरणे 70 च्या आसपासच आहेत. पडद्यावर एका रात्रीत त्याहून अधिक जाहीर होतात. 2000 साली व्हॅटिकनने आरोग्यासाठीच्या प्रार्थनांविषयी एक सूचनापत्र काढले. त्यात अशा सभांमध्ये उन्माद, कृत्रिमता, नाटकीपणा आणि सनसनाटीपणा नसावा असे बजावले आहे आणि त्यांच्या टीव्हीवरील प्रक्षेपणावर बिशपांची देखरेख असावी असेही म्हटले आहे. ही सूचना कॅथलिक सभांनाच उद्देशून आहे, कारण मोह आपल्याकडेही आहे. नायजेरियात, जिथे अशा वाहिन्यांचा प्रभाव प्रचंड आहे, तिथे 2004 मध्ये प्रसारण नियामकाने पडताळता न येणारे चमत्कार टीव्हीवर दाखवण्यास बंदीच घातली.

भावाला दोष देऊ नका. मावशी बरी व्हावी म्हणून त्याने ती वाहिनी लावली होती. तपासणीला तिला घेऊन जाण्याचे काम त्यालाच सांगा, आणि प्रार्थना दोघांनी मिळून गोळी घेताना करावी.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीने मोबाइलवर ओळख झालेल्या एका फेलोशिपमध्ये पाण्यात बुडून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. ती आता कॅथलिक राहिली नाही का? (कामठी)

उत्तर : पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने, पाण्याने दिलेला बाप्तिस्मा एकदाच होतो आणि तो पुसला जात नाही, अशी चर्चची शिकवण आहे. याच कारणाने अन्य पंथांत असा बाप्तिस्मा झालेला कोणी कॅथलिक चर्चमध्ये आला तर आपण त्याला दुसऱ्यांदा पाण्यात उतरवत नाही. तेव्हा तिचा लहानपणचा बाप्तिस्मा जसाच्या तसा आहे. तिने उचललेले पाऊल गंभीर आहे, पण तिला परत यावेसे वाटले तर वाट पापनिवेदनातून जाते आणि ती उघडी आहे. तोपर्यंत तुमची मैत्री तोडू नका. नागपूरसारख्या शहरात नोकरीसाठी एकट्या राहणाऱ्या मुलीला आठवड्यातून एकदा बोलावणारी ती फेलोशिप पहिली होती की काय, हेही तिला विचारा.

प्रश्न : मी पॅरिश कौन्सिलचा सदस्य आहे. तरुण मंडळी वाहिन्यांकडे ओढली जात आहेत म्हणून आम्हीही यूट्यूब चॅनल सुरू करावे असा ठराव आला आहे. आपले मत काय?

उत्तर : कॅथलिकांना हे माध्यम परके नाही. मार्कोनी यांनी उभारलेले व्हॅटिकन रेडिओचे केंद्र 1931 मध्ये सुरू झाले. मदर अँजेलिका या साध्वीने 1981 मध्ये अलाबामातील आपल्या मठाच्या गॅरेजमधून टीव्ही वाहिनी सुरू केली आणि ती जगभर पोचली. फिलिपिन्समध्ये 1980 च्या दशकात एका प्रापंचिक कॅथलिकाच्या रेडिओ कार्यक्रमातून लाखोंची प्रार्थना चळवळ उभी राहिली, आणि ते लोक कॅथलिकच राहिले. तेव्हा जमणार नाही असे मी म्हणणार नाही.

परंतु 2020 च्या टाळेबंदीत आपण सर्वांनी मिस्सा मोबाइलवर पाहिली आहे. खांबाजवळ ठेवलेला एक कॅमेरा, दूरवर दिसणारी वेदी, आणि अर्ध्यावर गेलेला आवाज. टाळेबंदीत तेवढेही मोलाचे होते. आज त्याच रीतीने चॅनल चालवले तर रात्री अकराला कोणताही तरुण मुलगा ते लावणार नाही, कारण त्याला प्रक्षेपण हवे नाही, उत्तर हवे आहे. म्हणून ठराव थोडा बदलून घ्या, अशी माझी विनंती आहे. आधी पॅरिशमधली तीन-चार समंजस माणसे निवडा, त्यांत किमान दोघे तिशीच्या आतले असू द्या, आणि एक फोन नंबर जाहीर करा, ज्यावर रात्री दहा ते बारा कोणीतरी खरोखर फोन उचलील. आलेल्या विनंत्यांपैकी ज्यांची परवानगी असेल त्या, नाव न घेता, मुलांच्याच शब्दांत रविवारी वेदीवरून वाचा, मग ती राहिलेल्या विषयाची असो वा मोडलेल्या लग्नाची. हे सहा महिने चालले तर चॅनलवर काय दाखवायचे हे तुम्हाला कोणाला विचारावे लागणार नाही.

कॅमेऱ्यासाठी जमवलेल्या पैशांतून तोपर्यंत चर्चमधली ध्वनियंत्रणा दुरुस्त करून घ्या. मागच्या तीन बाकांवर प्रवचन ऐकू येत नाही अशी तक्रार याच गठ्ठ्यातल्या दोन पत्रांत आहे, आणि तरुण मुले तिथेच बसतात.